जुनं कॅबिनेट, नवा संगणक: कोकणात राहून करायचं तर

नव्वदीच्या शेवटी किंवा दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्यांनी कोकणात संगणक शिकायला सुरुवात केली, त्यांना ते कॅबिनेट, म्हणजे संगणकाचा पत्र्याचा डबा, लगेच डोळ्यांसमोर येईल. शाळेच्या संगणक खोलीत, पतसंस्थेच्या टेबलाखाली, एमएस-सीआयटीच्या वर्गात, एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत, सगळीकडे तेच. फिकट बदामी-करडा रंग, पुढे फ्लॉपीची फट, सीडी ड्राइव्हचं दार, पॉवरचं मोठं बटण, रिसेटचं छोटं बटण, एक हिरवा दिवा आणि एक तांबडा.

या कॅबिनेटचं आकर्षण नुसतं आठवणींचं नाही. ती हाताने वापरायची वस्तू होती. पुढच्या भागावर जे काही होतं त्याला काम होतं. किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद, टर्बो दाबलं की प्रोसेसरचा वेग बदलायचा, तांबडा दिवा लुकलुकला की हार्ड डिस्क काम करतेय हे कळायचं. आजच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बघायला खूप असतं, हात लावायला जवळपास काहीच नसतं. असं जुनं कॅबिनेट शोधून त्यात आजचे भाग बसवायचे, ते काम कसं करायचं हे इथे सांगतो. माझा पहिला आग्रह असा, की हे काम शोभेसाठी करू नका. रोज वापरायचा संगणक म्हणून करा आणि पुढचं प्रत्येक बटण चालतं ठेवा.

या विषयावर वाचायला जे मिळतं ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. आपल्याकडे खारा वारा आहे, चार महिने पाऊस आहे आणि कातळावरच्या घरांत अर्थिंग धड नसतं. त्यामुळे क्रमच बदलतो. आधी गंज बघायचा, मग हवा आणि वीज. रंगरूपाची पाळी सगळ्यात शेवटी येते.

## १. कोणत्या काळातलं कॅबिनेट हवं ते ठरवा

तुमच्यासमोर तीन पर्याय असतात.

पहिलं एटी कॅबिनेट. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी/एटी काढला, त्यावरून हा घाट आला आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत चालला. ओळखायचं कसं? मागच्या बाजूला कीबोर्डसाठी एकच गोल भोक असतं. पॉवरचं बटण दाबलं की खट्कन आत जाऊन तिथेच बसतं. टर्बो बटण, कुलूप आणि दोन आकडे दाखवणारी छोटी पाटी असते ती याच कॅबिनेटमध्ये. दिसायला सगळ्यात देखणं आणि काम सगळ्यात जास्त.

दुसरं एटीएक्स. इंटेलने १९९५ मध्ये हे माप ठरवलं आणि आजचे मदरबोर्डही, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाट्याही, त्याच मापाचे आहेत. मागे चौकोनी खिडकी असते, तिच्यात पत्र्याची पट्टी बसते. साधारण १९९८ ते २००४ मधलं असं कॅबिनेट मिळालं, तर आजचा मायक्रो-एटीएक्स (एटीएक्सचं लहान माप) मदरबोर्ड आत सरळ बसतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने हेच घ्यावं. एटी कॅबिनेटचा मोह दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा.

तिसरा पर्याय म्हणजे जुन्या घाटाचं नवं कॅबिनेट. सिल्व्हरस्टोन कंपनीने २०२३ च्या एक एप्रिलला गंमत म्हणून एका आडव्या बदामी कॅबिनेटचं चित्र दाखवलं होतं. लोकांना ते इतकं आवडलं, की पुढे ते एफएलपी०१ नावाने खरोखर विक्रीला आलं. त्यानंतर आलेल्या उभ्या एफएलपी०२ मध्ये कुलूप आणि टर्बो बटणही आहे. हे टर्बो बटण पंखे पूर्ण वेगाने पळवतं. आत जागा आजच्या भागांच्या हिशोबाने ठेवलेली आहे. ज्यांना कापाकापी आणि गंज यांच्या वाटेला जायचं नाही त्यांनी खुशाल हे घ्यावं. पुढचे बरेच टप्पे मग तुम्हाला लागणार नाहीत, मात्र अर्थिंग आणि पावसाळ्याचे टप्पे तरीही वाचा.

## २. शोधायचं कुठे आणि कागद कोणते घ्यायचे

भंगारवाल्याकडे गेलात तर कॅबिनेट म्हणू नका, "जुना सीपीयू आहे का" असं विचारा. अख्ख्या डब्याला आपल्याकडे सीपीयूच म्हणतात. त्याच्याकडे आल्यावर पुढची प्लास्टिकची चौकट उपटून टाकली जाते आणि पत्रा वजनावर जातो. त्यामुळे आधीच सांगून ठेवा, की चौकटीसकट अख्खा डबा हवा. रिकाम्या खणांची झाकणं हरवली तर पुन्हा मिळत नाहीत.

भंगारापेक्षा चांगला माल घरांत असतो. मुंबईच्या चाकरमान्यांनी नवा संगणक घेतला की जुना गावच्या घरी आणून ठेवला, असं घरोघरी झालेलं आहे. माळ्यावर, पोटमाळ्यावर, भाताच्या कणगीमागे चौकशी करा. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा विचारायला जाऊ नका. मे महिन्यात माळे झाडले जातात, तेव्हा विचारा.

शाळा, ग्रामपंचायत किंवा पतसंस्थेतून घेणार असाल तर एक मोठा सापळा आहे. ती वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली असते. गुरुजींनी आपुलकीने "घेऊन जा" म्हटलं तरी नेऊ नका, पुढे हिशोब तपासणीत ते अडचणीत येतात. निर्लेखन, म्हणजे त्या नोंदवहीतून वस्तू रीतसर कमी करणं, झालेलं असलं पाहिजे. तुमच्याकडे एवढे कागद हवेत:

- वस्तूच्या निर्लेखनाचा ठराव किंवा आदेश याची प्रत
- तुम्ही पैसे भरल्याची संस्थेच्या शिक्क्याची पावती, त्यावर डेड स्टॉकचा नंबर
- हार्ड डिस्क संस्थेने काढून घेतल्याची एक ओळ, सहीसकट

शेवटचा कागद कोणी मागत नाही, पण तुम्ही स्वतःहून करून घ्या. पतसंस्थेच्या जुन्या डिस्कवर सभासदांची खाती असू शकतात. ती डिस्क तुमच्या घरी येताच कामा नये.

## ३. घेण्याआधी डबा उघडून बघा

बाहेरच्या रंगावर जाऊ नका. या कॅबिनेटच्या पत्र्याला जस्ताचा पातळ थर दिलेला असतो, पण कापलेल्या कडांवर तो थर नसतो. गंज तिथूनच सुरू होतो. झाकण काढा आणि क्रमाने बघा: तळाच्या कडा, पायांच्या स्क्रूभोवतीचा भाग, मागच्या कार्डांच्या पट्ट्या, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बसतो ती चौकट.

पांढरट भुकटी दिसली तर तो जस्तावर चढलेला ओलीचा थर आहे, पुसून जातो. तांबूस डाग दिसले तर पॉलिश पेपरने निघतात. पण पत्र्याला पापुद्रे सुटले असतील आणि पेचकसाचं टोक दाबल्यावर ते आत जात असेल, तर ते कॅबिनेट सोडून द्या. फुकट मिळालं तरी सोडून द्या.

पुराचं कॅबिनेट ओळखायला शिका. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला जो पूर आला, त्यात कितीतरी दुकानं आणि कचेऱ्या पाण्याखाली गेल्या आणि त्यातला माल नंतर सगळीकडे फिरला. पत्र्याच्या दुमडलेल्या घड्यांत बारीक गाळाची रेघ दिसते, आतल्या बाजूला एका उंचीवर पाण्याची आडवी खूण असते. घडीत अडकलेला गाळ कधीच पुरता निघत नाही आणि रंगाखालून गंज पुन्हा वर येतो.

उंदरांचं मूत हाही गंजाचा मोठा स्रोत आहे. वास येतोच. कुंभारमाशीची मातीची घरटी स्क्रूच्या भोकांत आणि पंख्याच्या जाळीत असतात. ती मात्र घाबरण्यासारखी नाहीत, ओली करून काडीने काढा.

## ४. मापं घ्या, मगच सुटे भाग मागवा

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. आधी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखा सगळं मागवतात आणि मग ते आत जात नाही.

पुठ्ठ्याचा २४४ × २४४ मिलिमीटरचा चौकोन कापा. हा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड. दुसरा १७० × १७० चा, तो मिनी-आयटीएक्स. पुठ्ठा आत ठेवून बघा. नंतर ही मापं घ्या:

- मदरबोर्डच्या पातळीपासून वर एसएमपीएसपर्यंत किती जागा आहे. बऱ्याच जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस प्रोसेसरच्या अगदी डोक्यावर येतो. प्रोसेसरचा पंखा किती उंच चालेल ते यावरून ठरतं. जागा फारच कमी असेल तर नॉक्टुआचा एनएच-एल९ मालिकेतला ३७ मिलिमीटर उंचीचा पंखा मिळतो.
- मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची लांबी. ग्राफिक्स कार्ड एवढंच लांब घेता येईल.
- एसएमपीएसची चौकट. आजचा साधा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि साधारण १४० खोल असतो. खोली जास्त असलेले जास्त वॉटचे एसएमपीएस जुन्या कॅबिनेटमध्ये सीडी ड्राइव्हला धडकतात.

भाग निवडताना उष्णतेचा विचार आधी करा. या कॅबिनेटमधून फार हवा जात नाही आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते. प्रोसेसर ६५ वॉटचा घ्या, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी किंवा आय५-१२४००. ग्राफिक्स कार्ड हवंच असेल तर वेगळी वीज न लागणारं, म्हणजे स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटांत भागणारं घ्या. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॉटमध्ये चालतो. ज्यांना याहून ताकदीचं कार्ड हवं, त्यांना मी जुन्या कॅबिनेटचा सल्ला देणार नाही.

एटी कॅबिनेटमध्ये मागे मदरबोर्डच्या जोडण्यांची खिडकी नसते, ती कापावी लागते. माप १५९ × ४४.५ मिलिमीटर. आणि जागा चुकवून चालत नाही. मदरबोर्ड आत स्क्रूंवर बसवून, आतून पेन्सिलीने खूण करून मगच कापा.

## ५. हत्यारं आणि सामान

चांगला फिलिप्स पेचकस, पक्कड, कानस, हेक्सा ब्लेड, १२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, मल्टीमीटर, छोटी सोल्डरिंग इस्त्री, हीट-श्रिंक नळी, जाड रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा. मदरबोर्डला पत्र्यापासून वर धरणारे पितळी स्टँड-ऑफ. स्क्रू दोन जातींचे असतात. हार्ड डिस्क आणि एसएमपीएससाठी मोठ्या आट्यांचे, सीडी ड्राइव्हसाठी बारीक आट्यांचे, म्हणजे एम३. एकाच्या जागी दुसरा जोर लावून फिरवला तर आटे जातात. जुन्या कॅबिनेटमधून निघालेला प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते लिहून डबीत ठेवा.

## ६. रिकामं करणं आणि गंज काढणं

जुना एसएमपीएस काढा आणि बाजूला ठेवा. उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर दाब अडकून राहू शकतो. नव्या मदरबोर्डला तो चालवूही नका, आजच्या प्रोसेसरला लागणारी १२ व्होल्टची ताकद आणि जोडण्या दोन्ही त्यात नसतात. सोबत जुना काचेचा मॉनिटर आला असेल तर तो फोडू नका, त्याच्या काचेत शिसं असतं. ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या.

३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असायची. ती फुटून आतला पत्रा खाते. हिरवट-निळसर डाग दिसले तर ते तेच. हातमोजे घालून व्हिनेगरने पुसा, मग साध्या पाण्याने, मग लगेच कोरडं करा.

गंज काढताना अख्खा पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गंजाबरोबर उरलेलं जस्तही निघून जातं आणि मग पुढच्या पावसाळ्यात तो पत्रा टिकत नाही. जिथे तांबूस आहे तेवढंच तारेच्या ब्रशने आणि १२० च्या पेपरने घासा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थांबवणारं द्रव्य) लावा आणि सुकू द्या. धुतलेला पत्रा समुद्राच्या वाऱ्यात वाळत घालू नका. घरात पंख्याखाली वाळवा.

## ७. हवेसाठी कापायचं ते आत्ताच कापा

कापाकापी रंगाच्या आधीच झाली पाहिजे. कापलेली कड उघडी राहिली की तिथून गंज ठरलेला.

जुन्या कॅबिनेटमध्ये पंख्यासमोर पत्र्यालाच बारीक भोकं पाडलेली असतात, त्यातून हवा कमी आणि आवाज जास्त येतो. ती जाळी कापून टाका आणि तारेची जाळी बसवा. मागे बहुतेक ८० मिलिमीटरचा पंखा बसतो, त्याच्या स्क्रूंमधलं अंतर ७१.५ मिलिमीटर असतं. पुढे खालच्या बाजूला १२० चा पंखा बसवता आला तर फारच चांगलं, त्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५. प्लास्टिकच्या चौकटीला मात्र हात लावू नका. तिच्या तळाशी हवेसाठी आडवी फट असतेच, तेवढी पुरते.

आपल्याकडे एक नियम पाळा: आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त हवी आणि आत येणारी सगळी हवा गाळणीतून यावी. नुसता मागचा पंखा ठेवला तर तो प्रत्येक फटीतून हवा ओढतो. तिच्याबरोबर जांभ्याची तांबडी धूळ आणि खारटपणा दोन्ही आत येतात. रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या न चुकता लावा, नाहीतर पाली आणि झुरळं उबेला आत येऊन बसतात.

हे काम घरी जमत नसेल तर खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. त्याला कागदावर माप काढून द्या, तोंडी सांगू नका. आणि पातळ पत्रा आहे हे आधी सांगा. तो दाराच्या पत्र्याच्या अंदाजाने ग्राइंडर चालवतो.

## ८. रंग

दोन रस्ते आहेत. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडून स्प्रे करून घेणं, किंवा पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी उडवून भट्टीत भाजणं. किनाऱ्यावर राहत असाल तर पावडर कोटिंगच करा. ते कडांवर नीट बसतं आणि खाऱ्या हवेत जास्त टिकतं. मिरजोळे, लोटे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला चौकशी करा.

आता रंगाची गोष्ट. जुना बदामी हुबेहूब जुळवायला जाल तर खास रंग मागवावा लागतो आणि एका डब्यासाठी तो कोणी मागवत नाही. पण विजेची पॅनेलं रंगवणाऱ्यांकडे सिमेन्स ग्रे हा रंग कायम असतो. रंगतक्त्यात तो आरएएल ७०३२. करडा आणि बदामी यांच्या मधला हा रंग जुन्या कॅबिनेटच्या इतका जवळ जातो, की शेजारी मूळ डबा ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. पॅनेलांची खेप भट्टीत जाणार असेल तेव्हाच तुमचा डबा सोबत टाकायला सांगा, वेगळी भट्टी लावण्याचा खर्च वाचतो.

देण्याआधी रबरी पाय, प्लास्टिकच्या खिट्ट्या, स्टिकर सगळं काढा, भट्टीत १८० ते २०० अंश तापमान असतं. मदरबोर्डच्या स्टँड-ऑफची भोकं, एसएमपीएसच्या स्क्रूंची जागा आणि दोन झाकणं एकमेकांना टेकतात त्या कडेचा थोडा भाग टेपने झाकायला सांगा. कारण पुढे अर्थिंगच्या टप्प्यावर येईल.

## ९. पिवळं पडलेलं प्लास्टिक

पुढची चौकट एबीएस प्लास्टिकची असते. उन्हाने आणि काळाने ती पिवळी पडते. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांचाही त्यात हात असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी हे पिवळेपण उतरतं. ही पद्धत २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत पसरली.

औषधांच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड पुरतं, वेळ मात्र जास्त लागतो. पारदर्शक टबमध्ये चौकट पूर्ण बुडेल इतकं घ्या. वरून क्रीम फासण्याच्या पद्धतीत क्रीम कुठे सुकतं, कुठे ओलं राहतं आणि पांढरे पट्टे उठतात, ते पुन्हा जात नाहीत. हातमोजे आणि चष्मा हवेतच. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा गच्चीवर टब ठेवला तर प्लास्टिक वाकू शकतं. दर तासाला उलटंपालटं करा आणि हवा तेवढा रंग आला की थांबा. काही वर्षांनी थोडं पिवळेपण परत येतं, ते धरून चाला.

माझं मत विचाराल तर हलकं, एकसारखं पिवळेपण असेल तर ते राहू द्यावं. ते त्या कॅबिनेटचं वय आहे आणि शोभून दिसतं. फक्त एका बाजूला ऊन लागून दोन रंग झाले असतील तरच पेरॉक्साइडच्या वाटेला जा.

## १०. बटणं आणि दिवे

आता या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग. आणि सगळ्यात धोक्याचा भागही इथेच आहे, तो आधी सांगतो.

एटी कॅबिनेटच्या पॉवर बटणात २३० व्होल्ट असतात. एसएमपीएसमधून एक जाड, चार तारांची वायर थेट पुढच्या बटणापर्यंत येते. ती पूर्णपणे काढून टाका. त्यातली एकही तार नव्या मदरबोर्डला जोडायची नाही. आजच्या मदरबोर्डला पॉवरसाठी दोन बारीक तारा लागतात, त्यांत अगदी कमी व्होल्ट असतात.

दुसरी अडचण अशी, की ते जुनं बटण दाबलं की आत अडकून राहतं. नव्या मदरबोर्डला ते चालत नाही, बटण दाबून धरलंय असं समजून चारेक सेकंदांत तो संगणक बंद करतो. त्याच मापाचं, दाबलं की परत वर येणारं बटण बसवा. कित्येक जुन्या बटणांत अडकवणारी एक बारीक तार असते. चिमट्याने ती ओढून काढली की तेच बटण वर यायला लागतं आणि दाबण्याचा तो भारदस्तपणा तसाच राहतो.

एटीएक्स कॅबिनेटमध्ये एवढं काही नाही. फक्त पॉवरच्या दिव्याचा प्लग तीन पिनांच्या रुंदीचा असतो आणि आजच्या मदरबोर्डवर दोन पिना शेजारी-शेजारी असतात. प्लगमधली प्लास्टिकची जीभ सुईने हलकेच उचला, तार मागे ओढा आणि मधल्या घरात सरकवा. वायर तोडायची गरज नाही.

टर्बो. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्या काळचे कितीतरी खेळ तोच वेग गृहीत धरून लिहिलेले होते. पुढचे प्रोसेसर वेगवान झाले तेव्हा खेळ पळायला लागले, म्हणून वेग कमी करण्याची सोय या बटणाने दिली. आज त्याला पंख्याचं काम द्या. पंख्याबरोबर कधी कधी आवाज कमी करणारी एक छोटी वायर मिळते, तिच्यात रेझिस्टर (विजेचा प्रवाह कमी करणारा छोटा भाग) असतो. टर्बो बटणाच्या दोन तारा त्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना जोडा. बटण बाहेर असताना पंखा हळू चालतो, दाबलं की रेझिस्टर टाळून पूर्ण वेगाने. हे बटण दाबल्यावर आत राहतं, इथे नेमकं तेच हवं असतं. एका बटणावर एकच पंखा ठेवा आणि तो मागचा ठेवा, प्रोसेसरचा नको.

आकड्यांची पाटी. ती कधीच वेग मोजत नव्हती. मागच्या जंपरवर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) जो आकडा लावला तोच दिसायचा. म्हणजे आज तुम्हाला हवा तो आकडा लावता येतो. तिला ५ व्होल्ट लागतात. एसएमपीएसच्या चार पिनांच्या जुन्या प्लगमध्ये लाल तार ५ व्होल्टची, काळी जमिनीची. पिवळी १२ व्होल्टची, ती लावली तर पाटी जळेल.

कुलूप. त्याच्या दोन तारा पॉवर बटणाच्या एका तारेच्या मध्ये घाला. किल्ली बंद असेल तर बटण दाबून काही होत नाही. लहान मुलांच्या घरात ही फार उपयोगी सोय आहे. चालू असताना कुलूप लावलं तर बटण दाबून धरून बंद करण्याची सोयही जाते, हे लक्षात ठेवा.

फ्लॉपी ड्राइव्हची जोडणी आजच्या मदरबोर्डवर नसते. जुन्या फ्लॉपी वाचायच्या असतील तर यूएसबीला लागणारा ग्रीझविझल नावाचा बोर्ड मिळतो, त्याने साडेतीन इंची आणि सव्वापाच इंची दोन्ही ड्राइव्ह चालतात. घरात कोणाच्या जुन्या फ्लॉपी पडल्या असतील तर हे जरूर करा. बुरशी चढलेली फ्लॉपी मात्र सरळ ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं डोकं खराब होतं.

## ११. अर्थिंग

जुनं कॅबिनेट सगळं पत्र्याचं, त्यामुळे हा टप्पा टाळता येत नाही. पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, ही तक्रार कातळावरच्या घरांत नेहमीची आहे. एसएमपीएसच्या आतल्या विजेच्या गाळणीतले (फिल्टरमधले) कपॅसिटर पत्र्याशी जोडलेले असतात आणि अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मुख्य विजेच्या साधारण निम्मा दाब दिसतो. प्रवाह अगदी कमी असतो, पण यूएसबी आणि मॉनिटर जोडताना तेवढाही भाग जाळायला पुरतो.

वायरमनला बोलवून मल्टीमीटरने बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नकोत. जांभ्यात खड्डा पुरेसा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. कोळसा-मीठ भरून, खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायची सवय ठेवा.

कोणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून "झालं अर्थिंग" म्हणत असेल तर ते काम करून घेऊ नका. बाहेर न्यूट्रलची तार तुटली, आणि वादळात ती तुटते, तर अख्खा पत्रा २३० व्होल्टवर जातो.

रंगाच्या वेळी टेपने झाकलेल्या जागा यासाठीच होत्या. रंग वीज अडवतो. एसएमपीएस, स्टँड-ऑफ आणि झाकणं पत्र्याला उघड्या धातूने टेकली पाहिजेत. प्लगच्या अर्थच्या पिनेपासून झाकणापर्यंत मल्टीमीटरचा बीप वाजतो का ते तपासा, मगच पहिल्यांदा चालू करा. पावसाच्या आधीच्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढा. यूपीएस किंवा इन्व्हर्टर घ्याल तो साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा घ्या.

## १२. पावसाळा

संगणक रोज निदान तासभर चालवा. आतली ऊब ओल बसू देत नाही. जून ते सप्टेंबर बंद ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये रॅमच्या आणि कार्डांच्या टोकांवर थर येतो, पंखे जाम होतात, रबरावर बुरशी चढते. रोज वापरायचा संगणक करा असं सुरुवातीला म्हटलं त्याचं हे दुसरं कारण.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, पावसात लादीला घाम येतो. लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा. समुद्राकडच्या खिडकीसमोर तर नकोच. काही आठवडे मुंबईला जाणार असाल तर संगणक तासभर चालवून कोरडा करा, सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या आत ठेवा आणि जाड प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर न ठेवता राहत्या खोलीत ठेवा. ओला असताना बांधलात तर उघडा ठेवण्यापेक्षा वाईट.

गाळण्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. स्क्रू लावताना आट्यांवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, पुढच्या वर्षी ते फिरतात. अर्थिंगसाठी उघड्या ठेवलेल्या जागांच्या फक्त बाहेरच्या कडेला तो हात द्या.

ऑक्टोबरच्या उन्हात झाकण काढून सगळ्या कडा बोटाने तपासा. कुठे खरखरीत लागलं तर तेवढ्यावर ३२० चा पेपर, मग प्रायमर, मग सिमेन्स ग्रेचा ऑइल पेंट. त्याची छोटी बाटली हार्डवेअरच्या दुकानातून आधीच आणून ठेवा.